बोअरचं पाणी आणि राठ केस: शिकेकाई, माका, मेंदी खानदेशात कशी वापरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नानंतर चोपडा तालुक्यात राहायला आलेल्या एका ताईंचे केस दोन वर्षांत राठ झाले, गळायला लागले आणि कोंडाही दिसू लागला. घरात बोअरचं पाणी आहे. त्यांना शाम्पू सोडून शिकेकाई, माक्याचं तेल आणि मेंदी यांच्यावर यायचं आहे. पण शिकेकाईने दोनदा न्हाऊन केस उलट चिकट झाले, म्हणून त्या थांबल्या. काय वापरावं, किती आणि कसं?

ताई, तुम्ही तेलाबद्दल आणि मेंदीबद्दल बरंच विचारलंय, पण खरी गाठ बोअरच्या पाण्यात आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबण या क्षारांना भेटला की न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि न्हाणीच्या फरशीवर जो थर बसतो, तोच केसांवरही बसतो. शाम्पूने असा साका होत नाही, पण क्षार केसाला चिकटायचे ते चिकटतातच. केसाचा बाहेरचा थर घरावरच्या कौलांसारखा एकावर एक रचलेला असतो. क्षारांमुळे या थराच्या कडा उचललेल्या राहतात, केस एकमेकांत अडकतात, विंचरताना तुटतात, आणि आपण त्यालाच गळती म्हणतो. म्हणून पाण्याची सोय लावल्याशिवाय महागातलं तेलही उपयोगाचं नाही.

आधी पाणी तपासा. एका स्वच्छ बाटलीत अर्ध्यापर्यंत बोअरचं पाणी घ्या, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. डिटर्जंट किंवा शाम्पू यासाठी चालत नाही, ते जड पाण्यातही फेस देतात. बोअरच्या बाटलीत फेस टिकला नाही आणि पाणी दुधाळ झालं, तर पाणी जड आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही केसांना जड पडू शकतं. 'पाणी तर चांगलं आहे, सगळे पितात' या म्हणण्यावर जाऊ नका. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, भुसावळला तापीचं. धरण-नदीचं पाणी बोअरपेक्षा बहुधा मऊ असतं. नळाला पाणी येण्याचा दिवस आणि न्हाण्याचा दिवस एक करता आला, तर अर्धं काम तिथेच झालं.

गावात ती सोय नसेल तर पाणी उकळून बघा. गिझरच्या किंवा हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली जमत असेल, तर तुमच्या पाण्यातले क्षार उकळल्याने बऱ्यापैकी खाली बसतात. असं पाणी आदल्या रात्री दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून ठेवा आणि सकाळी तळ न ढवळता वरचं ओतून घ्या. कॉइल स्वच्छ राहते पण साबणाला फेस येत नाही, किंवा पाणी चवीलाच खारट आहे, तर उकळून फारसा फरक पडणार नाही. तिथे शेवटच्या धुण्यासाठी वेगळं पाणी हवं. सगळी अंघोळ मऊ पाण्याने करायची गरज नाही. केस बोअरच्या पाण्याने धुवा आणि शेवटी कमरेपर्यंतच्या केसांना ३ लिटर, खांद्यापर्यंतच्या केसांना दीड ते दोन लिटर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी तांब्याने हळूहळू सोडा. पावसाचं पाणी धरायचं तर पहिल्या दोन सरी पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ द्याव्यात. त्यानंतरचं पाणी सुती कापडातून गाळून झाकून ठेवावं.

पाण्याच्या बाबतीत आपल्या घरांत दोन चुका सर्रास होतात. आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून न्हायला घेतात. पाणी वाचवण्याची कळकळ खरी आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ठेवा. दुसरी चूक तुरटीची. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, पाण्याचा जडपणा जात नाही.

धुऊन झाल्यावर आंबट पाणी फिरवणं हा जड पाण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एक लिटर मऊ पाण्यात लिंबाचा रस एक चहाचा चमचा, बस. सुकवलेला आवळा रात्री भिजवून गाळलेलं पाणी अर्धी वाटीही चालतं. हे पाणी केसांच्या लांबीवर सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि साध्या मऊ पाण्याने काढून टाकायचं. क्षारांचा थर सैल होतो आणि केसांची कौलं बसतात. अर्धं लिंबू सरळ डोक्यावर चोळणं मात्र चुकीचं आहे. टाळूची आग होते. शिवाय लिंबाचा रस कपाळावर किंवा मानेवर राहिला आणि त्यावर आपलं दुपारचं ऊन पडलं, तर त्वचेवर फोड येऊन काळे डाग राहतात. लिंबू वापरायचं ते संध्याकाळी. खाण्याचा सोडा तर डोक्याला लावूच नका. सोडा अल्कधर्मी असल्याने केस फुगतो आणि आणखी राठ होतो.

आता शिकेकाई. शिकेकाई आणि रिठा यांच्यातला फेस सॅपोनिन या घटकामुळे येतो. तो साबण नव्हे, म्हणून जड पाण्यात त्याचा साका बनत नाही. त्यामुळे आपल्या पाण्याला शिकेकाई खरोखर मानवते. तुमचे केस चिकट का झाले, याची चार कारणं संभवतात आणि बहुतेकदा त्यातली दोन-तीन एकत्र असतात. शिकेकाईचा साबण वापरला असेल, तर तो शेवटी साबणच आहे, त्याचा साका होणारच. पूड सरळ डोक्यावर थापली असेल, तर बारीक कण टाळूला चिकटून राहतात आणि वाळल्यावर कोंड्यासारखे दिसतात. तेल जास्त असेल, तर शिकेकाईच्या ताकदीबाहेरचं काम होतं. आणि वर्षानुवर्षांचा साका केसांवर असेल, तर पहिल्या तीन-चार न्हाण्यांत केस जड आणि ओशट लागतातच. म्हणून सुरुवातीला एकदा साध्या शाम्पूने दोन वेळा धुऊन, वर सांगितलेलं आंबट पाणी फिरवा, आणि त्यानंतरच्या न्हाण्यापासून शिकेकाई सुरू करा.

काढा करायची रीत अशी. कमरेपर्यंतच्या केसांना एका वेळी शिकेकाईच्या ८ ते १० शेंगा, बिया काढलेले ४ ते ५ रिठे आणि सुका आवळा एक मोठा चमचा. शेंगा मोडून सगळं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. पाणी शक्यतो मऊच घ्या. सकाळी मंद आचेवर १५ मिनिटं उकळा, पाणी पाऊण लिटर उरेल. कोमट झाल्यावर हाताने चांगलं कुस्करा आणि मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा करू नका, सगळी किचकिच त्या उरलेल्या चोथ्याचीच असते. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा-शिकेकाईतल्या तुरट द्रव्यांमुळे काढा काळा होतो. काळ्या केसांना त्याने काही होत नाही, पण पिकल्या केसांवर आणि टॉवेलवर डाग पडतात. ॲल्युमिनियम टाळा.

केस आधी पूर्ण भिजवा. मान मागे टाकून, डोळे मिटून, अर्धा काढा टाळूवर सोडा आणि बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळा. केस पुढे घेऊन वाकून धुऊ नका, रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की आग आणि लाली तासन्‌तास राहते. गेलंच, तर साध्या पाण्याने दहा मिनिटं डोळा धुवा. पाण्याने केस धुऊन उरलेला काढा पुन्हा लावा. पहिल्या हाताला फेस जवळजवळ येत नाही, दुसऱ्याला थोडा येतो. शाम्पूएवढा फेस येईल या आशेने रिठे वाढवत नेले, तर केस झाडूसारखे कोरडे होतात. कोरड्या केसांना रिठे दोनच पुरतात. तेलकट टाळूला सहापर्यंत चालतात. केलेला काढा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो, फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो.

दर वेळी काढा करणं जमत नसेल तर पूड करून ठेवा: शिकेकाई २५० ग्रॅम, बिया काढलेला रिठा १०० ग्रॅम, सुका आवळा १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम, नागरमोथा किंवा कपूरकाचरी ५० ग्रॅम. सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवून गिरणीतून आणा. दळताना नाकातोंडावर फडकं बांधा, ही पूड नाकात गेली की शिंका आणि खोकला थांबत नाही. रिठ्याची बी चुकून राहिली तर ती दगडासारखी कडक असते, गिरणीवाला ओरडेल. न्हायच्या वेळी दोन-अडीच मोठे चमचे पूड पाऊण लिटर पाण्यात १० मिनिटं उकळायची आणि गाळूनच वापरायची. बाजारातून आयती पूड घेत असाल, तर एक चमचा ग्लासभर पाण्यात टाकून पाच मिनिटं ठेवा. तळाशी रेतीचा थर दिसला, तर ती परत करा.

तेलाकडे येऊ. तेल केसाला खायला घालतं, ही समजूत सोडून द्यावी. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो. तेलाचं काम त्याला झीज आणि घर्षणापासून वाचवणं आणि टाळू मऊ ठेवणं एवढंच, आणि ते कामही लहान नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं. धुण्याआधी ते लावल्यास केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात दिसलं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तसं झालं नाही. त्यामुळे राठ केसांच्या लांबीला खोबरेल उत्तम. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि आपल्या थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणून हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. घाण्याचं तिळाचं तेल लवकर खवट होत नाही, म्हणून औषधी तेलं त्यात करतात. शेंगदाण्याचं तेल घरात असतंच, चालतं, पण ते लवकर खवटतं. ताज्या घाण्याचं असेल तरच घ्या. एरंडेल घट्ट असतं. ते नुसतं लांब केसांना लावून वर पाणी घेतलं, की केसांचा न सुटणारा गोळा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. एक भाग एरंडेल, चार भाग तिळाचं किंवा खोबरेल, यापुढे जाऊ नका.

प्रमाण पाहून तेल लावणारी माणसं फार थोडी. कमरेपर्यंतच्या केसांना टाळूसाठी दोन चहाचे चमचे आणि टोकांसाठी एक, एवढं पुरे. केस निथळेपर्यंत तेल ओतलं, की ते काढायला दुप्पट रिठा लागतो आणि केस पुन्हा कोरडे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा रात्रभर तेल ठेवून सकाळी वावरात जाऊ नका. तेल, घाम आणि फुफाटा एकत्र आले की टाळूवर पुटकुळ्या आणि केसतोडे येतात. उन्हाळ्यात न्हाण्याआधी एक-दोन तास तेल पुरतं. थंडीत रात्रभर ठेवायला हरकत नाही, कोंडा नसेल तर.

माक्याचं तेल घरी करायचं तर वनस्पती ओळखण्यापासून सुरुवात करा, कारण चूक इथेच होते. माका पाटाच्या कडेला, ओलसर बांधावर येतो. पानं समोरासमोर, खरखरीत. फूल पांढरं, लहान, बटणासारखं. खात्रीची खूण म्हणजे देठ चुरगळून दोन-चार मिनिटं थांबलात, की रस काळा पडतो आणि बोटंही काळी होतात. एकदांडीचं फूल लांब दांड्यावर एकटंच येतं, पुष्कळ लोक तीच माका म्हणून उपटून आणतात. गाजरगवतही पांढऱ्या फुलांचं आहे. त्याची पानं गाजरासारखी कातरलेली असतात आणि त्याने अंगाला खाज, पुरळ आणि दम्याचाही त्रास होतो. गाजरगवत ज्यांना बाधतं त्यांनी माकाही सांभाळून वापरावा, दोन्ही एकाच कुळातले आहेत. आणि कपाशीच्या बांधावरचा माका घेऊच नका. फवारणीचं औषध त्यावर बसलेलं असतं, ते धुऊन पूर्ण जात नाही.

आयुर्वेदातलं तेलाचं ठरलेलं प्रमाण आहे: कल्क (म्हणजे वनस्पती वाटून केलेला लगदा) एक भाग, तेल चार भाग, रस सोळा भाग. घरासाठी तिळाचं तेल २५० मिली, माक्याचा ताजा रस १ लिटर आणि वाटलेला माका ६० ग्रॅम. एक लिटर रसासाठी साधारण दोन किलो ताजा माका लागतो, वाटताना थोडं पाणी घालावं लागतं. ताजा मिळाला नाही तर सुका माका २५० ग्रॅम चार लिटर पाण्यात मंद आचेवर आटवून एक लिटर करा आणि गाळून घ्या, कल्कासाठी सुकी पूड पाण्यात भिजवा. भांडं जाड बुडाचं आणि सामानाच्या तिप्पट मोठं हवं, कारण हे तेल फेसाळून वर येतं. तांब्या-पितळेचं नको, त्यात तेल लवकर खराब होतं. आच अगदी मंद. एका दमात संपवायची घाई नको, आज दोन तास आणि उद्या दोन तास असं केलं तरी चांगलं, मध्ये झाकून ठेवा.

तेल झालं कधी हे ओळखणं हीच यातली मेख. सुरुवातीला तडतड आवाज येतो, पाणी संपत आलं की तो थांबतो. तळाचा कल्क चमच्याने काढून बोटांत वळून बघा, वात वळली गेली पाहिजे. ती वात दिव्यावर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, आणि असं तेल पंधरा दिवसांत आंबूस वास धरतं, त्यावर बुरशी येते. तेल शिजत आल्यावर त्यावर फेस येतो, ती उतरवण्याची वेळ. त्यापुढे ठेवलं तर कल्क जळतो, तेलाला करपट वास येतो आणि गुण जातो. उतरवून कोमट असतानाच गाळा, एक दिवस स्थिर ठेवा, वरचं तेल कोरड्या काचेच्या गडद बाटलीत भरा. तळाचा गाळ त्यात येऊ देऊ नका, ओला चमचा बुडवू नका. सहा महिने टिकतं. कापूर घालायची पद्धत आहे, पण घरात तान्हं बाळ असेल तर नको. कापूर लहानग्यांना झटके आणू शकतो.

माक्याबद्दल एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. केस वाढण्यावरचे त्याचे प्रयोग बहुतांशी उंदरांवर झाले आहेत. टाळू शांत राहते, केस मऊ होतात, तुटणं कमी होतं, यासाठी तो जरूर वापरा. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतील या आशेवर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कोंड्याच्या बाबतीत तेलाचा विचार उलटा करावा लागतो. कोंड्यामागे बहुधा टाळूवरची एक यीस्ट असते आणि ती तेलातल्या मेदाम्लांवर जगते. 'डोकं कोरडं पडलंय, तेल जिरवा' हा सल्ला कोंड्याला पोसतो. खपल्या पिवळसर आणि चिकट असतील तर टाळूचं तेल महिनाभर बंद, फक्त टोकांना लावा. मेथी दोन मोठे चमचे रात्रभर भिजवून अगदी गंधासारखी वाटा (जाडसर राहिली तर केसांतून निघत नाही), त्यात दोन चमचे आंबट दही, टाळूला अर्धा तास आणि मग शिकेकाईच्या काढ्याने न्हाणं. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. न्हाऊन झाल्यावर कडुनिंबाचं पाणीही फिरवता येतं: दोन मुठी पानं एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळलेली. चार आठवड्यांत उतार पडला नाही, तर औषधाच्या दुकानातला २ टक्के कीटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवावा. नैसर्गिक उपायांचा हट्ट धरून कोंडा वाढवण्यात काही शहाणपण नाही. महिनाभर तो शाम्पू वापरून पुन्हा शिकेकाईवर या.

मेंदी. राठ केसांना मेंदी महिन्यातून एकदाच, जास्त नाही. तिच्यातल्या तुरट द्रव्यांमुळे केस जाड लागतात, पण कोरडेही होतात. खांद्यापर्यंत १०० ग्रॅम, कमरेपर्यंत २०० ते २५० ग्रॅम पूड. कोमट पाण्यात दह्याएवढी घट्ट कालवा, दोन चमचे लिंबाचा रस घाला, झाकून ठेवा. हिवाळ्यात आठ तास लागतात. मेमध्ये दोन-तीन तासांत रंग सुटतो, वर तपकिरी कड आली की लावायची. रात्रभर तशीच ठेवली तर उन्हाळ्यात रंग उतरतो. दही घातलं की रंग फिका, अंडं घातलं की वास. फक्त मऊपणा हवा असेल तर दही ठीक. दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवा, तेल दुसऱ्या दिवशी लावा, साबण-शिकेकाई त्यानंतर. मेंदी धुवायला पुष्कळ पाणी लागतं, तेव्हा मुख्य धुणं बोअरच्या पाण्याने आणि शेवटचं मऊ पाण्याने.

पिकलेले केस काळे करायचे असतील तर आधी मेंदी, धुऊन लगेच नीळ. म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे. ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, १५ मिनिटांत लावायला घ्या, तास-दीड तास ठेवा. निळीत लिंबू घालू नका, रंग बसत नाही. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत हवेने काळे होतात, तोवर काहीही लावून धुऊ नका.

पाकिटावर 'काळी मेंदी' लिहिलं असेल तर सावध. मेंदी कधीच काळा रंग देत नाही. त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने टाळूला फोड, चेहरा आणि पापण्या सुजणं असा त्रास होतो, आणि एकदा बाधलं की आयुष्यभर बाधतं. पूड तपासायला चिमूटभर पाण्यात टाका. पाणी लगेच लालभडक-केशरी झालं तर रंग मिसळलेला आहे, शुद्ध मेंदी हळूहळू रंग सोडते. कोणतीही नवी पूड असो, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावून ४८ तास वाट पाहा. तान्ह्या बाळाच्या डोक्याला किंवा अंगाला मेंदी लावू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते आणि मेंदीने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

केळीबद्दल सगळेच विचारतात, रावेर-यावलच्या बागा जवळ आहेत ना. पिकलं केळ तात्पुरता मऊपणा देतं, पण कुस्करलेलं केळ केसांतून निघता निघत नाही. लावायचंच तर मिक्सरमध्ये फिरवून कापडातून गाळा. जवस त्यापेक्षा कितीतरी बरं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा, थंड झाल्यावर गळत नाही. ओल्या केसांना लिंबाएवढं लावून विंचरा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

आता गळतीचं. रोज ५० ते १०० केस गळणं नैसर्गिक आहे, न्हाण्याच्या दिवशी जास्त दिसतात. फणीतले केस उचलून बघा. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर केस मुळापासून गळलाय. दोन्ही टोकं तुटकी आणि तुकडे आखूड असतील तर केस तुटलाय, आणि त्यावर वरचे पाण्याचे-तेलाचे उपाय लागू पडतात. मुळापासून गळणाऱ्या केसाला लेप पुरत नाही. बाळंतपण, डेंग्यू किंवा दुसरा मोठा ताप, ऑपरेशन, झटपट वजन उतरवणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. ते बहुधा सहा महिन्यांत, बाळंतपणानंतर वर्षभरात, आपोआप सावरतं. तसं काही घडलेलं नसेल, किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडचा टीएसएच तपासून घ्या. जेवणात डाळी, हरभरा, तीळ, शेवग्याचा पाला, बाजरीची किंवा कळण्याची भाकरी असू द्या, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे फरक दिसायला तीन-चार महिने लागणारच.

विंचरणं आणि ऊन, यांबद्दल थोडंसंच. ओले केस रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर. टॉवेलने झटकायचे नाहीत, जुन्या सुती कापडाने टिपायचे. वावरात किंवा गाडीवर जाताना सुती रुमाल घट्ट नव्हे, सैल बांधा. तो घामाने भिजतो, रोज धुवा. फुफाट्याच्या दिवसांत मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने डोकं धुतलं तरी चालतं, शिकेकाई आठवड्यातून दोनदाच.

एकदम सगळं सुरू करू नका. पहिला महिना फक्त पाणी बदला, शिकेकाईचा गाळलेला काढा आणि आंबट पाणी, तेल तीन चमचे. कोंडा असेपर्यंत तेल टोकांनाच. दुसऱ्या महिन्यात माक्याचं तेल, तिसऱ्यात मेंदी. म्हणजे काय मानवलं आणि काय बाधलं हे कळतं.

आणि काही गोष्टींवर घरी उपाय करायचाच नाही. गोल, गुळगुळीत, रुपयाएवढी जागा रिकामी झाली तर ती चाई. तिच्यावर बिब्बा, लसूण किंवा मिरची घासल्याने त्वचा भाजते आणि तिथला केस कायमचा जाऊ शकतो. लहान मुलाच्या डोक्यात खपल्यांचा चट्टा आणि तुटके केस दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असतो, त्याला पोटातून औषध लागतं आणि घरातल्या इतरांच्या फण्या-टॉवेल वेगळे करावे लागतात. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची रीत आपल्याकडे आहे. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून नको. त्याऐवजी ओल्या केसांना खोबरेल लावून बारीक दातांच्या फणीने दर तीन दिवसांनी, किमान तीन आठवडे विंचरा. लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात, मध्ये खंड पडला की नव्या उवा अंडी घालतात. चाई आणि खपल्यांचा चट्टा यांसाठी मात्र त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. गावाजवळ नसतील, तर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते.